विधवा नायिकेची ऐतिहासिक रहस्यकथा लिहिताय? या चुका टाळा

गेली आठ-दहा वर्षं माझ्याकडे नवोदितांची हस्तलिखितं वाचायला येतात. त्यांत एक प्रकार आता वरचेवर दिसतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचं पुणं नाहीतर मुंबई, वाड्यात संशयास्पद मृत्यू, आणि त्याचा छडा लावणारी विशी-बाविशीतली, स्वतःच्या डोक्याने चालणारी विधवा. हा प्रकार मला मनापासून आवडतो. वाड्यात जिच्याकडे कुणी मान वर करून बघत नाही, तिला माजघर, मोरी, परसू, मागचं दार सगळं दिसत असतं. रहस्यकथेला याहून चांगली शोधक मिळणार नाही. म्हणूनच त्याच त्या चुका वाचताना जीव तुटतो, आणि फोनवर दर वेळी तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकावं असं वाटलं.

पांढरं लुगडं आणि मोकळे केस

ही चूक दहापैकी आठ हस्तलिखितांत असते. नायिका पांढऱ्या साडीत, कपाळ मोकळं, पाठीवर केस. हे चित्र सिनेमातून आणि मालिकांतून आलेलं आहे. त्या काळच्या महाराष्ट्रातल्या ब्राह्मण घरात जाणत्या वयाच्या विधवेचं केशवपन होई आणि तिला आलवण नेसावं लागे. आलवण म्हणजे तांबडं, जाडंभरडं लुगडं, त्याचाच पदर डोक्यावरून घट्ट घेतलेला. कुणी म्हणतं, पंडिता रमाबाई फोटोत पांढऱ्या वस्त्रात दिसतात ना? दिसतात. पण त्यांनी बंगाली गृहस्थाशी लग्न केलं होतं आणि विधवा झाल्यावर १८८२ मध्ये त्या पुण्यात आल्या. त्यांचा वेश सदाशिव पेठेतल्या सुनेला चढवता येत नाही.

दोन वर्षांपूर्वी एक हस्तलिखित आलं. लेखिका हुशार, भाषा नितळ. काळ १८८६. वाड्याचे धनी सकाळी मरून पडलेले सापडतात, मुठीत एक लांबसडक काळा केस. हा केस कुणाचा, यावर सगळी कादंबरी उभी. घरातल्या प्रत्येक बाईवर संशय फिरतो, आणि दोनशे बारा पानांनंतर उलगडा होतो की केस धन्यांच्या विधवा बहिणीचा. आता ही बहीण पहिल्याच प्रकरणात येऊन गेलेली. तिथे लेखिकेने लिहिलं होतं, "सोवळ्या आत्याबाई पहाटे चारलाच विहिरीवर गेल्या." विधवेला सोवळी म्हटलं की ती केशवपन केलेली, हे त्या काळी शेंबडं पोरही जाणत होतं. आत्याबाईंच्या डोक्यावर केस येणार कुठून?

मी त्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारली आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो. तीन वर्षांची मेहनत एका शब्दावर कोसळत होती. फोन केला तेव्हा ती म्हणाली, "सर, सोवळी म्हणजे स्नान करून शुचिर्भूत झालेली, एवढंच मला वाटलं." तिचा दोष अर्धाच. आपल्या घरांतून हे शब्द गेले, ते सांगणाऱ्या आज्याही गेल्या. पण तिने पहिला मसुदा चौदा आठवड्यांत लिहिला होता आणि त्या वेगाचा तिला अभिमान होता, तो मला पटला नाही. चौदा आठवड्यांतले चार जरी तिने आनंदीबाई कर्वे आणि रमाबाई रानडे यांनी लिहिलेल्या आठवणींना दिले असते, तर पुढची दोन वर्षं वाचली असती.

दुरुस्तीला चार महिने लागले. केस काढून टाकला. मग मी तिला विचारलं, "आत्याबाईंचं डोकं उघडं कोण बघतं?" ती गप्प राहिली आणि मग हळूच म्हणाली, "न्हावी." दर थोड्या दिवसांनी मागच्या दाराने येणारा, परसात बसून वस्तरा चालवणारा, कुणाशी एक शब्द न बोलणारा माणूस. झटापटीत धन्यांच्या अंगठीचा ओरखडा आत्याबाईंच्या टाळूवर उमटलेला. पदराखाली तो घरात कुणालाच दिसत नाही, दिसतो फक्त न्हाव्याला. आणि तोच न्हावी नायिकेचंही डोकं करतो. ज्या अपमानाची तिला शिसारी आहे, त्याच जागी बसून तिला कादंबरीतला सगळ्यात मोठा धागा मिळतो. हा प्रसंग तिने पाठवला तेव्हा मी तो दोनदा वाचला. केसापेक्षा तो शंभर पटीने सरस होता आणि तो फक्त त्या काळात, त्या घरातच घडू शकतो.

या न्हाव्यांचीही एक गोष्ट आहे. १८९० मध्ये मुंबईत कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हावी एकत्र आले आणि विधवांचं केशवपन करायचं नाही असं त्यांनी ठरवलं. तुमची कथा त्यानंतर घडत असेल, तर वस्तरा हातात घेतलेल्या त्या माणसाच्या मनात काय चाललंय, हे एकदा तरी स्वतःला विचारा.

दुसऱ्या टोकाचीही चूक होते. काहीजण हे सगळं वाचून प्रत्येक विधवेचं केशवपन करून टाकतात. कुणबी, माळी अशा बऱ्याच जातींत पाट लागत असे, विधवा पुन्हा संसार थाटत असे. शहाण्णव कुळी म्हणवणाऱ्या घरांत तो लागत नसे. अगदी लहान बालविधवेचे केस बहुधा ती मोठी होईपर्यंत ठेवत. तेव्हा जात, गाव, वय आणि घराची ऐपत ठरवल्याशिवाय नायिकेला नेसवायला घेऊ नका.

किरकोळ वाटणाऱ्या चुका

नायिकेचं नाव अन्विता किंवा मायरा ठेवू नका. गोदू, यमू, ठकू, द्वारकी, बनू ही नावं सुंदर आहेत. लग्नात नाव बदलत असे, हेही विसरू नका. माहेरच्या पत्रात एक नाव आणि सासरच्या कागदात दुसरं, हा फुकट मिळालेला दुवा आहे.

पोस्टकार्ड १८७९ पासून, किंमत एक पैसा. त्याआधी कार्डावर धमकी पाठवू नका. प्लेग १८९६ मध्ये मुंबईत सुरू झाला, म्हणून १८९२ च्या पुण्यात उंदीर मरून पडलेले दाखवू नका. डेक्कन क्वीन १९३० ची. बोरघाटातून रेल्वे १८६३ मध्ये सुरू झाली. त्याआधी तो टप्पा पालखीने, तट्टावरून, बैलगाडीने नाहीतर पायी ओलांडावा लागे.

टिळक, रानडे, आगरकर, जोतीराव हे एकाच ओटीवर बसवून त्यांच्याकडून नायिकेची पाठ थोपटून घेऊ नका. जोतीराव १८९० मध्ये गेले, आगरकर १८९५ मध्ये. मोठी माणसं पानापानावर आणली की कथा लेखकाच्या हातून निसटते. रँडचा खून तर नायिकेकडून सोडवून घेऊच नका. २२ जून १८९७ च्या त्या रात्री काय घडलं आणि कुणी केलं, हे महाराष्ट्रातल्या प्रत्येक वाचकाला शाळेपासून ठाऊक आहे.

"तिला सगळी इस्टेट मिळणार होती"

खुनाचा हेतू म्हणून हे वाक्य हमखास येतं. नवरा गेला, सगळी मिळकत तरुण विधवेच्या नावावर झाली, म्हणून दीर तिच्या जिवावर उठला. एकत्र कुटुंबात विधवेला मिळकत मिळतच नसे. हक्क फक्त अन्नवस्त्राचा, आणि "ही वाईट चालीची आहे" एवढं सिद्ध केलं की तोही जाई. नवरा विभक्त झालेला असेल आणि मुलगा नसेल, तर मिळकत तिच्याकडे येई, पण हयातीपुरती. तिला ती मनाप्रमाणे विकता येत नसे, आणि तिच्यामागे ती नवऱ्याच्या वारसांकडे परत जाई. हा कायदा थोडाफार बदलला तो १९३७ मध्ये.

नवोदितांना हे सांगितलं की ते हिरमुसतात, हेतू गेला म्हणतात. मला तर इथेच चार हेतू दिसतात. मुंबई इलाख्यात विभक्त कुटुंबातल्या विधवेला नवऱ्याची स्पष्ट परवानगी नसली तरी दत्तक घेता येई. म्हणजे ती दत्तक घेणार अशी नुसती कुजबुज झाली, तरी मागे वारस म्हणून टपलेल्या दिराची झोप उडणार. आता १८५६ चा विधवाविवाहाचा कायदा उघडा. त्याने पुनर्विवाह कायदेशीर केला, पण पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्कही काढून घेतला. म्हणजे चारचौघांत सुधारकांना शिव्या घालणारा कर्मठ दीर आतून वहिनीचं लग्न जुळवायला पैसे पुरवू शकतो. असा माणूस कागदावर आणा, वाचक त्याला विसरणार नाही.

कायद्याची ही कलमं वाचायला जेमतेम एक संध्याकाळ लागते. ती संध्याकाळ वाचवणाऱ्या लेखकाला मी "पुढचं प्रकरण पाठवा" असं म्हणत नाही.

घड्याळ

ही चूक माझी. बऱ्याच वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात माझी कथा आली होती. काळ १८८९, जागा गिरगाव. संशयित म्हणतो, "रात्री साडेनऊला घरून निघालो, बोरीबंदरावर दहाची गाडी धरली, पुण्याला गेलो. खून झाला तेव्हा मी गाडीत होतो." घरची माणसं साक्ष देतात की तो साडेनऊला निघाला, भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं. नायिका हे खोटं ठरवते ते भलत्याच मार्गाने, एका तिकिटाच्या तुकड्यावरून. त्या तुकड्यावर मी फार खूश होतो.

अंक निघाल्यावर महिनाभराने एका निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्याचं पत्र आलं. दोन फुलस्केप पानं, सुबक अक्षर. त्यांनी लिहिलं होतं की त्या काळी रेल्वे मद्रासच्या वेळेने चाले आणि मुंबई शहर आपल्या स्थानिक वेळेने. मुंबईची वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे, मद्रासची ५ तास २१ मिनिटं पुढे. फरक अर्ध्या तासाचा. रेल्वेच्या घड्याळात दहा वाजतात तेव्हा गिरगावातल्या भिंतीवर साडेनऊच वाजलेले असतात. म्हणजे माझा संशयित उंबरठा ओलांडत होता त्याच क्षणी त्याची गाडी बोरीबंदरातून सुटत होती. शेवटी त्यांनी विचारलं होतं, "आपल्या नायिकेस हे कसे दिसले नाही?"

तिला दिसलं नाही, कारण मला माहीत नव्हतं. मी त्या काळच्या घड्याळांवर माझ्या मनगटावरची वेळ लावली होती. भारताची एकच प्रमाणवेळ १९०६ मध्ये आली, आणि त्यानंतरही मुंबई कितीतरी वर्षं स्वतःच्या वेळेला चिकटून राहिली. संग्रहात घेताना मी कथा पुन्हा लिहिली आणि तिकिटाचा तुकडा फेकून दिला. आता नायिका त्या संशयिताला रेल्वेच्या वेळापत्रकाचा कागद मोठ्याने वाचायला लावते, भिंतीकडे बघते आणि गप्प बसते. त्या गृहस्थांना मी संग्रह पाठवला. त्यांचं पत्र अजून माझ्या कोशात, वेळ या नोंदीपाशी घडी करून ठेवलेलं आहे.

तेव्हापासून माझी सवय अशी. कथेतला प्रत्येक माणूस वेळ कशावरून सांगतो, हे मी वहीत लिहितो. फौजदार खिशातल्या घड्याळावरून, भटजी घटकांवरून, मोलकरीण अंगणातल्या सावलीवरून, आणि आत्याबाई पहाटेच्या जात्यावरून. एक घटका म्हणजे चोवीस मिनिटं. "दोन घटका रात्र उरली होती" या साक्षीचं फौजदार कागदावर काय करतो, यातच एखादा निरपराध माणूस अडकू शकतो.

बोटांचे ठसे आणि सोमल

१८८५ च्या पुण्यात नायिका पेल्यावरचे ठसे बघते, असं लिहू नका. गुन्ह्यांसाठी बोटांच्या ठशांची कचेरी कलकत्त्यात निघाली ती १८९७ मध्ये.

विषाचं मात्र उलट होतं. "त्या काळी विष ओळखता येत नसे" असं लिहून लेखक सुटका करून घेतात. सोमल, म्हणजे आर्सेनिक, ओळखण्याची मार्शची चाचणी १८३६ पासून होती. बडोद्याचे ब्रिटिश रेसिडेंट कर्नल फेर यांच्या पपनसाच्या सरबतात १८७४ मध्ये विष घातल्याचं प्रकरण गाजलं, तेव्हा पेल्यातल्या गाळाची तपासणी मुंबईच्या सरकारी रसायन परीक्षकांनीच केली होती, आणि पुढच्या वर्षी मल्हारराव गायकवाडांची गादी गेली. अडचण वेगळीच होती. तपासायला शव राहायला हवं. घरचे दोन तासांत ओंकारेश्वराच्या घाटावर दहन उरकून मोकळे होतात. ती घाई कुणी केली, लाकडं कुणी आधीच सांगून ठेवली, हे नायिकेने शोधावं.

विष कशात घातलं याचाही विचार करा. सोवळी विधवा एकदाच जेवते. तिला रात्रीच्या आमटीतून विष देणारा लेखक मी तीनदा वाचलाय.

बोली

"मला खूप टेन्शन आलंय" हे चुकीचं, हे सगळ्यांना कळतं. पण "मातोश्री, मी किंचित् चिंताक्रांत आहे" हेही तितकंच चुकीचं, आणि ते कुणाला कळत नाही. १८९० चं पुणं बखरीच्या भाषेत बोलत नव्हतं. एखादा शब्द खटकला की मी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उघडतो. त्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची, म्हणजे त्यात सापडलेला शब्द नायिकेच्या सासूला ठाऊक असणार. वस्तू, मजुरी, बाजार यांसाठी १८८५ चं पुणे जिल्ह्याचं गॅझेटियर उशाशी ठेवतो. इंटरनेटवरच्या "जुन्या मराठी शब्दांच्या" याद्या मी वापरत नाही, तुम्हीही वापरू नका.

स्वतंत्र म्हणजे काय

नवोदितांची नायिका पहिल्याच प्रकरणात ओटीवर येते आणि पुरुषांना समानतेवर भाषण देते. सगळे निरुत्तर होतात. मग ती एकटी बुधवार पेठेत जाते, टांगा करते, फौजदाराशी चर्चा करते आणि दिवेलागणीला घरी येते. कुणी विचारत नाही. हे वाचून मला खऱ्या बायकांसाठी वाईट वाटतं. १८८९ मध्ये मुंबईत पंडिता रमाबाईंचं शारदा सदन निघालं, तिथे पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणून गोदूबाई आल्या. १८९३ मध्ये त्यांनी धोंडो केशव कर्व्यांशी लग्न केलं, आणि मुरुड गावाने त्या कुटुंबावर बहिष्कार घातला. एका पावलाची एवढी किंमत होती. तुमची नायिका ती किंमत मोजताना दिसत नसेल, तर तिचं धैर्य वाचकाला कसं कळणार?

मी वहीत तीन रकाने आखतो. ती कुठे जाते, काय निमित्त सांगते, वाटेत तिला कोण पाहतं. निमित्तं भरपूर आहेत. कीर्तन, पुराण, देवदर्शन, नात्यातलं बाळंतपण, आजाऱ्याची सेवा.

"कुठे निघालीस गं?"
"ओंकारेश्वरी जाऊन येते. सोमवार आहे."
"गेल्या सोमवारी नव्हतीस गेलीस."
"गेल्या सोमवारी आत्याबाईंना बरं नव्हतं ना."

चार ओळी. सासूला संशय आहे, सून एक शब्द खोटं बोललेली नाही, आणि घाटावर आज कुणाचा दहावा आहे हे तिला पक्कं माहीत आहे. एवढ्यात मला ती स्वतंत्र वाटते.

सोवळ्याओवळ्याचे नियमही असेच वापरा. वाळत घातलेलं सोवळं उंच वलणीवरून काठीने काढतात, हात लावला की ते ओवळं झालं. एका सकाळी ते वलणीवर नाही, खाली पाटावर घडी करून ठेवलेलं आहे. घरातलं माणूस असं कधीच करणार नाही. फौजदार त्या पाटाला वळसा घालून पुढे जातो, नायिका मात्र तिथेच थबकते.

कबुली

शेवटी सगळ्यांना चौकात जमवायचं, नायिकेने उलगडा सांगायचा, खुन्याने फौजदारासमोर ढसाढसा रडत कबूल करायचं. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याचं कलम २५ सांगत असे की पोलिसासमोरची कबुली आरोपीविरुद्ध पुरावा होत नाही. तुमच्या शेवटच्या तीस पानांचं कोर्टात काहीच होणार नाही. तेच शब्द खुनी अटकेच्या आधी नायिकेपाशी बोलला, तर ते चालतात. फौजदाराला जे मिळू शकत नाही ते तिला मिळू शकतं, आणि निम्म्या हस्तलिखितांत ही संधी वाया गेलेली असते.

त्या केसाच्या कादंबरीचा शेवट लेखिकेने आता असाच बदललाय. पहाटेची वेळ, विहिरीचा रहाट, दोघी आलवणात. आत्याबाई घागर खाली ठेवतात आणि भावाने तीस वर्षं काय केलं ते सांगायला लागतात. फौजदार पुढच्या ओटीवर बसलाय, त्याला रहाटाच्या आवाजापलीकडे काही ऐकू येत नाही. नायिका हे कुणाला सांगेल का, हे लेखिकेचं अजून ठरलेलं नाही. तिने आणखी दोन महिने मागून घेतलेत, आणि मी तिला म्हटलं, चार घे.